पोथ्यांचा वंशवृक्ष आणि पाठभेदांचे आलेखन : महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतील एका आकृतीची समीक्षा

प्रस्तावना

वाशीम जिल्ह्यातील मंगरूळ हे तालुक्याचे गाव हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे ‘मंगरूळपीर’ या नावाने ओळखले जाते. बिरबलनाथांच्या स्थानामुळे त्यास ‘मंगरूळनाथ’ असेही म्हणतात. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मंगरूळ दस्तगीर आणि मंगरूळ चव्हाळा ही आणखी दोन गावे आहेत. एखाद्या अभ्यासकाने जुन्या कागदपत्रांतून या गावाचे उल्लेख गोळा करावयाचे ठरविले, तर प्रत्येक कागदापुढे त्याला दोन रकाने भरावे लागतील. पहिल्या रकान्यात नावाचे रूप येईल आणि दुसऱ्यात जिल्हा. १९०५ पर्यंत जिल्हा बासीम, त्यानंतर अकोला आणि १ जुलै १९९८ पासून वाशीम. या दोन्ही रकान्यांत एकही संख्या नाही. पीर आणि नाथ यांची सरासरी निघत नाही. अकोला हा वाशीमपेक्षा मोठा वा लहान असा प्रश्नही तेथे उद्भवत नाही. दोन कागद एका रकान्यात सारखे आहेत की वेगळे, एवढेच सांगता येते.

अशा सामग्रीस वर्गीय सामग्री म्हणतात. जात, धर्म, मातृभाषा, व्यवसाय या सामाजिक शास्त्रांतील नेहमीच्या नोंदी बहुतांशी याच प्रकारच्या असतात. आपल्याकडील प्रबंधांत त्या टक्केवारीची कोष्टके आणि वर्तुळालेख यांच्याद्वारे मांडण्याची प्रथा आहे. या प्रथेत एका वेळी एकच रकाना दिसतो. रकान्यांचा एकमेकांशी असलेला संबंध कोष्टकांच्या संख्येत हरवून जातो. शंभर पृष्ठे कोष्टके वाचूनही कोण कोणाच्या जवळ आहे हे कळत नाही, हा अनेक वाचकांचा अनुभव असावा.

पोथ्यांमधील पाठभेद हीदेखील वर्गीय सामग्रीच होय. एका श्लोकाच्या एका स्थळी काही पोथ्या एक शब्द देतात, काही दुसरा, काही तिसरा. या भेदांवरून पोथ्यांचे नाते रेखाटण्याचा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा प्रयत्न पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात झाला. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी संपादिलेल्या आदिपर्वाच्या प्रास्ताविकात १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेला महाभारत-पाठांचा वंशवृक्ष हे त्याचे दृश्य रूप आहे. प्रस्तुत लेखात या आकृतीचा विचार वर्गीय सामग्रीच्या आलेखनाची एक पद्धती म्हणून केला आहे. ती आकृती काय दाखविते यापेक्षा ती कोणता निर्णय गृहीत धरून काढली आहे, हा येथील मुख्य प्रश्न आहे. कारण या आकृतीच्या आधारे महाभारतातील काही अत्यंत लोकप्रिय प्रसंग मुख्य संहितेतून तळटीपेत आणि परिशिष्टात गेले आहेत.

बिंदू आणि जोडरेषा

गणितात ‘आलेख’ या संज्ञेचा अर्थ काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा एवढाच असतो. बिंदू कागदावर कोठे मांडावेत हे आलेख स्वतः सांगत नाही. तेच जोड डोळ्यांना सुखावणाऱ्या रीतीनेही काढता येतात आणि रेषांचा गुंता करूनही काढता येतात. म्हणूनच आलेख रेखाटणे हा स्वतंत्र अभ्यासविषय झाला. डब्ल्यू. टी. टट् या गणितज्ञाने १९६३ मध्ये एक साधी आणि फलदायी कल्पना मांडली : बाहेरच्या कडेवरील बिंदू पक्के करावेत आणि आतील प्रत्येक बिंदू त्याच्या शेजाऱ्यांच्या मध्यस्थानी ठेवावा.

वर्गीय सामग्रीला ही कल्पना लावताना दोन जातींचे बिंदू घेतले जातात. एका बाजूस वस्तू, म्हणजे येथे पोथ्या. दुसऱ्या बाजूस वर्ग, म्हणजे येथे पाठ. ज्या पोथीत जो पाठ आहे त्या दोहोंमध्ये रेषा ओढावयाची. मग सर्व रेषांच्या लांबीच्या वर्गांची बेरीज शक्य तितकी कमी होईल अशा रीतीने बिंदू मांडावयाचे. जॉर्ज मिखाइलिडिस आणि यान डी लेउ यांनी ही मांडणी आलेख-रेखाटनाच्या भाषेत २००१ मध्ये स्पष्ट केली. तिचे मूळ मात्र नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाच्या संख्याशास्त्रज्ञांच्या कार्यात आहे. या गटाने आपले ग्रंथ ‘आल्बर्ट गिफी’ या टोपणनावाने प्रसिद्ध केले. गिफी हे फ्रान्सिस गॅल्टन यांच्या सेवकाचे नाव. संख्याशास्त्राच्या इतिहासात धन्याचे नाव सर्वत्र असताना चाकराच्या नावाने ग्रंथ निघावा, ही गंमत नोंदविण्याजोगी आहे.

रीत समजण्यासाठी एक रचलेले उदाहरण पुरेसे आहे. क, ख, ग, घ अशा चार पोथ्या आहेत आणि पाठभेदाची दोन स्थळे आहेत. पहिल्या स्थळी क आणि ख एक पाठ देतात, ग आणि घ दुसरा. दुसऱ्या स्थळी क, ख, ग यांचा पाठ एक आहे आणि घ एकटी वेगळी आहे. पोथ्या एका सरळ रेषेवर १, २, ३, ४ या ठिकाणी ठेवल्या. प्रत्येक पाठ आपल्या पोथ्यांच्या मध्यावर ठेवला, तर पहिल्या स्थळाचे पाठ १.५ आणि ३.५ येथे येतात. दुसऱ्या स्थळाचे २ आणि ४ येथे. आता प्रत्येक पोथी तिच्या पाठांच्या मध्यावर सरकवावयाची. क आणि ख दोन्ही १.७५ येथे येऊन एकमेकींवर बसतात, ग २.७५ येथे आणि घ ३.७५ येथे जाते. हीच क्रिया पुनःपुन्हा करावयाची. मात्र प्रत्येक वेळी सर्व बिंदू आतल्या बाजूस सरकत असल्याने पसारा मूळ मापावर ताणून घ्यावा लागतो, अन्यथा सारे बिंदू एकाच जागी गोळा होतील.

या लहानशा गणितात पद्धतीचे बळ दिसते आणि तिची मर्यादाही. क आणि ख यांचे ऐक्य कोणी सांगितलेले नव्हते. ते सामग्रीतून आपोआप प्रकट झाले. ग मात्र मध्ये पडली. ती मध्ये का पडली? एक शक्यता अशी की, ग ही एका परंपरेकडून दुसरीकडे जाणाऱ्या प्रवासातील मधली पायरी आहे. दुसरी शक्यता अशी की, ग लिहिणाऱ्या लेखकासमोर दोन्ही परंपरांच्या पोथ्या होत्या आणि त्याने दोहोंतून वेचले. आकृती दोन्ही बाबतींत तंतोतंत तीच येते.

सुखठणकरांची आकृती

भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १ एप्रिल १९१९ रोजी आरंभिले. सुखठणकर १९२५ मध्ये प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणिताचे शिक्षण घेऊन नंतर बर्लिनमध्ये ल्यूडर्स यांच्याकडे संस्कृत भाषाशास्त्राचा अभ्यास केलेला हा विद्वान या कामाला लाभला, ही गोष्ट आकृतीचा विचार करताना विसरता येत नाही. आदिपर्वाच्या सुमारे २३५ ज्ञात पोथ्यांपैकी त्यांनी सुमारे ७० तपासल्या आणि ६० पोथ्या पाठभेदांसाठी निवडल्या. सर्व पर्वांचे मिळून १,२५९ हस्तलिखितांचा उपयोग करून ही आवृत्ती १९ खंडांत १९६६ मध्ये पूर्ण झाली. सुखठणकर त्यापूर्वीच, जानेवारी १९४३ मध्ये निवर्तले होते.

त्यांच्या वंशवृक्षाची रचना थोडक्यात अशी आहे. सर्वांत वर मूळ महाभारत. त्याच्या दोन शाखा, उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील. उत्तरेच्या शाखेत एकीकडे शारदा लिपीतील काश्मिरी पाठ आणि त्याला जवळचा ‘के’ गट. दुसरीकडे नेपाळी, मैथिली, बंगाली आणि देवनागरी पाठ. दक्षिणेच्या शाखेत तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम् पाठ. हा वृक्ष पोथ्यांचा नाही, तो पाठपरंपरांचा आहे. तळाशी एकेक पोथी नाही. एकेका लिपीत वाहत आलेली परंपरा आहे. या वृक्षावरून संपादनाचा नियम सरळ निघतो. उत्तर आणि दक्षिण यांचे जेथे ऐक्य, तेथे तो पाठ मूळचा. जेथे ऐक्य नाही तेथे सामान्यतः काश्मिरी पाठाकडे झुकावयाचे, कारण तो सर्वांत संक्षिप्त आणि प्रक्षेपांपासून सर्वाधिक मुक्त आहे.

युरोपातील पाठचिकित्सेत वंशवृक्षाची पद्धत लाखमान यांच्या नावाने ओळखली जाते. तिचे मर्म असे की, नाते ठरविण्यासाठी सर्व साम्ये सारखी मानावयाची नाहीत. दोन पोथ्यांत मूळचा शुद्ध पाठ टिकला असेल तर त्यावरून त्यांचे विशेष नाते सिद्ध होत नाही. दोघींत एकच चूक किंवा एकच नवी भर असेल तरच त्या एका आईच्या लेकी ठरतात. म्हणजे वृक्ष काढण्यापूर्वीच कोणता पाठ मूळचा आणि कोणता नंतरचा याचा काही निर्णय संपादकाच्या मनात झालेला असतो. मागील भागात वर्णिलेल्या आलेखनात असा पूर्वनिर्णय नसतो. तेथे प्रत्येक साम्य एक रेषा असते, लेखकाच्या हातून झालेली लहानशी चूकही आणि शंभर ओळींचा प्रक्षेपही. एक आकृती निर्णयाची आहे, दुसरी वर्णनाची. या दोहोंची गल्लत केल्यास दोन्हींवर अन्याय होतो.

लिपी : सामग्रीतील रकाना की सामग्रीपूर्वीचा वर्ग?

सुखठणकरांच्या आकृतीवरील सर्वांत गंभीर आक्षेप राइनहोल्ड ग्र्युनेन्डाल या जर्मन अभ्यासकाने १९९३ मध्ये घेतला. पोथ्यांचे गट लिपीवरून पाडण्यात आले. मग त्या गटांचे नाते शोधण्यात आले. परंतु लिपी आणि पाठ यांचा असा एकास एक संबंध आहे हे आधी सिद्ध झालेले नव्हते, असा त्याचा आशय. विश्व अडलूरी आणि जॉयदीप बागची यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुखठणकरांच्या बाजूने या आक्षेपाला सविस्तर उत्तर दिले आहे.

वर्गीय सामग्रीच्या दृष्टीने पाहिल्यास हा वाद अधिक स्पष्ट होतो. लिपी हाही एक रकानाच आहे. तो पाठभेदांच्या शेकडो रकान्यांशेजारी एक म्हणून ठेवता येतो, किंवा त्याच्या आधारे आधी गट पाडून मग उरलेले रकाने वाचता येतात. दुसऱ्या मार्गाने गेल्यास आकृतीत लिपीप्रमाणे गट दिसणारच; ते सामग्रीतून निघाले की आपण घातले, हे आकृती सांगू शकत नाही. आक्षेपाचे बळ येथे आहे.

तथापि सुखठणकरांनी लिपीला डोळे मिटून शरण जाण्याचे टाळले होते, याचा पुरावा त्यांच्याच आकृतीत आहे. ‘के’ गटातील पोथ्या देवनागरीत लिहिलेल्या आहेत. लिपी हाच निकष असता तर त्या देवनागरी गटात पडावयास हव्या होत्या. त्यांचा पाठ शारदेच्या जवळ असल्यामुळे त्यांनी त्या तेथून उचलून काश्मिरी परंपरेशेजारी ठेवल्या. देवनागरी ही भारतभर चालणारी लिपी असल्याने तीत सर्व तऱ्हेचे मिश्रण आढळते, हेही त्यांनी नोंदविले आहे. तेव्हा त्यांच्या दृष्टीने लिपी ही सोयीची खूण होती. पुरावा विरुद्ध गेला की ती मोडण्याची त्यांची तयारी होती. मात्र अशी मोडणी किती ठिकाणी करावयास हवी होती आणि किती ठिकाणी झाली, हे वृक्षाकडे पाहून कळत नाही. पोथ्या आणि पाठ यांचे दुहेरी आलेखन आधी केले असते, बिंदूंना लिपीप्रमाणे केवळ रंग दिले असते, तर लिपी कोठे टिकते आणि कोठे फुटते हे एका दृष्टिक्षेपात दिसले असते. १९३३ मध्ये साठ पोथ्यांसाठी असे गणित हाताने करणे अशक्यप्राय होते, हे मान्य करावयास हवे.

दोन फांद्या आणि मिसळलेले प्रवाह

फ्रेंच अभ्यासक जोसेफ बेदिए यांनी १९२८ मध्ये एक अस्वस्थ करणारे निरीक्षण मांडले. लाखमानच्या पद्धतीने काढलेले जवळजवळ सर्व वंशवृक्ष दोनच फांद्यांचे निघतात. निसर्गात अशी योजना असण्याचे काही कारण नाही. मग ती संपादकाच्या गरजेतून येते काय? फांद्या तीन असत्या तर दोघींचे बहुमत तिसरीला बांधून टाकते आणि संपादकाला निवडीस वाव उरत नाही. फांद्या दोनच असल्या म्हणजे त्यांच्यात मतभेद होताच निर्णय पुन्हा संपादकाच्या हाती येतो.

सुखठणकरांचा वृक्षही दोन फांद्यांचा आहे. त्यामुळे उत्तर आणि दक्षिण जेथे वेगळे होतात तेथे काश्मिरी पाठाला दिलेला झुकता कौल वृक्षातून निघत नाही. तो संपादकाच्या पाठविषयक जाणिवेतून येतो. ही जाणीव बहुधा सार्थ आहे. पण वाचकाने ती वृक्षाचा परिणाम म्हणून स्वीकारू नये.

याहून मोठी अडचण पाठसंकराची आहे. वृक्षात प्रत्येक बिंदूकडे वरून एकच रेषा येते; एका पोथीला एकच आई असते. महाभारताच्या पोथ्या अशा नाहीत. सुखठणकर हे जाणून होते. महाभारताचा प्रश्न त्याच्या परीने एकमेव आहे आणि अभिजात ग्रीक-लॅटिन ग्रंथांसाठी घडविलेली पद्धत येथे जशीच्या तशी चालणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. सर्वांत ठळक उदाहरण नीलकंठ चतुर्धरांचे. गोदाकाठच्या कोपरगावचे हे घराणे. नीलकंठ काशीस स्थायिक झाले आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी महाभारतावर टीका लिहिली. निरनिराळ्या प्रांतांतील पोथ्या जमवून त्यांतील उत्तम पाठ आपण निवडले, असे त्यांनीच नमूद केले आहे. महाराष्ट्रात घरोघर वाचले गेले ते मुख्यतः त्यांच्या परंपरेचे महाभारत. वृक्षात नीलकंठांना देवनागरी फांदीच्या टोकाशी एक जागा मिळते. वस्तुतः त्यांच्याकडे अनेक दिशांनी रेषा यावयास हव्यात. वृक्षाला ती सोय नाही, आणि नीलकंठांचे कर्तृत्व नेमके त्या रेषांत आहे.

पाश्चात्त्य देशांत ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न जीवशास्त्राच्या मदतीने झाले. १९९८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील एका भागाच्या ५८ पोथ्यांचे नाते जीवजातींची वंशावळ काढण्याच्या संगणकीय पद्धतींनी दाखविण्यात आले. त्यातील आकृती वृक्षाऐवजी जाळ्याच्या स्वरूपाची आहे. सामग्रीत परस्परविरोधी खुणा असतील तेथे एका रेषेच्या जागी समांतर रेषांची चौकट दिसते. महाभारताच्या बाबतीत वेंडी फिलिप्स-रॉड्रिग्ज यांनी केंब्रिज येथील संशोधनात सभापर्वातील द्यूतपर्वावर अशा पद्धती वापरून पाहिल्या. त्यांच्या कामाला कच्चा माल पुरविला तो चिकित्सक आवृत्तीच्याच तळटीपांनी, ही बाब महत्त्वाची आहे.

तळटीपेत गेलेला गणेश

या साऱ्या चर्चेचा सामान्य वाचकाशी संबंध काय? व्यासांनी सांगावे आणि गणेशाने लिहून घ्यावे, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक घरात ठाऊक आहे. चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत ती नाही. आदिपर्वाच्या परिशिष्टात ती आढळते. दक्षिणेकडील पोथ्यांत हे आख्यान नाही याकडे विंटरनिट्झ यांनी १८९८ मध्येच लक्ष वेधले होते. सभापर्वात द्रौपदीने वस्त्रहरणाच्या वेळी केलेला श्रीकृष्णाचा धावा फ्रँकलिन एजर्टन यांच्या १९४४ च्या संपादनात मुख्य संहितेबाहेर ठेवला गेला आहे. वस्त्रे पुरविली जातात, पण धावा नाही.

या निर्णयांकडे आलेखनाच्या अंगाने पाहिले तर दोन पद्धतींमधील फरक लख्ख दिसतो. पोथ्या आणि पाठ यांच्या आलेखात ‘गणेशाख्यान आहे’ हा एक बिंदू असेल. तो ज्या पोथ्यांत आहे त्यांच्या मध्यस्थानी बसेल, आणि तेथून त्या पोथ्यांकडे ताऱ्याच्या किरणांप्रमाणे रेषा जातील. हे आख्यान कोणत्या मंडळींत प्रिय होते, त्या मंडळींत आणखी कोणते प्रसंग एकत्र नांदतात, ते सारे आकृतीत दिसेल. ते नंतरचे आहे, हे मात्र दिसणार नाही. आलेखाला वर आणि खाली नसते. त्याला मूळ नसते. कालक्रमाचा निर्णय घेण्यासाठी कोणी तरी आलेखाला एका बिंदूपाशी धरून उचलावे लागते, आणि मग उरलेले बिंदू खाली लोंबतात. सुखठणकरांनी तो मूळ पाठाच्या बिंदूपाशी धरला. तसे धरण्यास त्यांच्यापाशी सबळ कारणे होती : प्रसंग पोथीत वाढत जातात, ते सहसा गळत नाहीत, कथेचा भक्त लेखक गणेशाची कथा मुद्दाम वगळील हे संभवत नाही. हा युक्तिवाद मानवी स्वभावाविषयीचा आहे, भूमितीचा नाही. म्हणूनच तो आकृतीतून नव्हे, तर प्रास्ताविकातून वाचावयास हवा.

उलटपक्षी, केवळ आलेखावर विसंबणाऱ्यांनीही सावध असावे. या पद्धतीत विरळ पाठ पोथीला फार दूर ओढतात. निष्काळजी लेखकाची, जागोजाग स्वतःच्याच चुका करणारी पोथी आकृतीच्या कडेला एकटी जाऊन पडते आणि ती एखादी स्वतंत्र, प्राचीन परंपरा असावी असा भास होतो. जुन्या पाठचिकित्सेने एकट्या पोथीतील पाठ नाते ठरविताना बाजूला ठेवण्याचा नियम केला होता. संगणकाला तो नियम आपण सांगितल्याखेरीज कळत नाही.

मराठी पोथ्या

मराठी ग्रंथांच्या संपादनात वंशवृक्षाचा मोह तुलनेने कमी दिसतो, आणि त्याचे कारण आळस हे नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, अनेक प्रती पाहून तिचे शुद्धीकरण केले. नंतरच्या बहुसंख्य पोथ्या एकनाथांच्या या प्रतीच्या छायेत आहेत. आकृतीच्या भाषेत सांगावयाचे तर वृक्ष खाली उतरताना फांद्या फुटत जातात. येथे अनेक फांद्या उतरून एका बिंदूत येतात आणि तेथून पुन्हा फुटतात. नीलकंठांच्या आधी शंभर वर्षे, त्याच गोदावरीच्या काठी, पैठणात हे घडले. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली आणि १९६० ची शासकीय आवृत्ती राजवाड्यांच्या संहितेवर आधारली गेली, यामागे हा एकनाथांचा बिंदू ओलांडून पलीकडे जाण्याची धडपड होती.

विदर्भाच्या दृष्टीने लीळाचरित्राचे उदाहरण अधिक जवळचे आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे केंद्र. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली मूळ प्रत पुढे धामधुमीत नष्ट झाली आणि स्मरणात असलेल्या लीळांवरून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला, अशी संप्रदायाची परंपरा आहे. त्यातून हिराइसेचा पाठ, पिढीपाठ असे निरनिराळे पाठ रूढ झाले. वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये या ग्रंथाचे संपादन प्रसिद्ध केले. जेथे एका पोथीवरून दुसरी उतरली नाही, तर अनेकांच्या आठवणीतून पोथ्या झाल्या, तेथे ‘आई’ आणि ‘लेक’ ही भाषाच अपुरी पडते. दोन पाठांत एक वाक्य सारखे असेल तर ते चक्रधरांच्या मुखातले म्हणून सारखे, की दोन स्मरणकर्त्यांनी पुढे एकमेकांचे ऐकले म्हणून सारखे? अशा ग्रंथासाठी आधी पाठ आणि लीळा यांचे सरळ, निर्णयविरहित आलेखन व्हावे आणि वृक्षाचा विचार त्यानंतर, गरज वाटल्यास करावा. लीळाचरित्राच्या पाठांबाबत हे काम विदर्भातील महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे. त्याला मोठे संगणक लागत नाहीत. लागते ती काळजीपूर्वक केलेली नोंद.

नसलेला पाठ

अशी नोंद करू लागताच पहिला प्रश्न येतो तो कोऱ्या जागेचा. आदिपर्वासाठी सुखठणकरांपाशी शारदा लिपीतील एकच पोथी होती. ब्यूलर यांनी काश्मिरातून मिळविलेली ती भूर्जपत्रावरील पोथी खंडित आहे. तिच्यात एखादा प्रसंग नाही याचे दोन अर्थ होऊ शकतात : तो त्या परंपरेत नव्हता, किंवा ज्या पानावर होता ते पान आज नाही. पहिला अर्थ असेल तर नसणे हाही एक पाठच आहे, किंबहुना चिकित्सक आवृत्तीचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा हाच आहे. दुसरा असेल तर त्या जागी काहीच लिहिता येत नाही. सुखठणकरांच्या तळटीपांत हा भेद काटेकोरपणे पाळलेला दिसतो. कोणती पोथी कोठून कोठवर गहाळ आहे हे वेगळे सांगितले जाते, आणि कोणत्या पोथीत श्लोक वगळला आहे हे वेगळे.

आलेखनाच्या पद्धतीत कोरी जागा हाताळण्याचे दोन मार्ग आहेत. कोऱ्या जागेतून रेषाच ओढावयाची नाही. अथवा ‘नोंद नाही’ असा स्वतंत्र वर्ग करून सर्व कोऱ्या पोथ्या त्याला जोडावयाच्या. दुसरा मार्ग निवडल्यास पाने हरवलेल्या पोथ्या केवळ हरवलेपणामुळे आकृतीत एकमेकींजवळ येतात. काश्मीरमधील भूर्जपत्राची पोथी आणि वाळवीने खाल्लेली मल्याळम् ताडपत्रांची पोथी शेजारी बसतात आणि पाहणाऱ्याला उत्तर-दक्षिण ऐक्याचा साक्षात्कार होतो.

महाभारताची स्वीकृत संहिता मुनेओ तोकुनागा यांनी संगणकावर उतरविली आणि जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली. तळटीपांतील पाठभेद तक्त्याच्या रूपात उतरविणे हे त्याहून वेगळे आणि फार कष्टाचे काम आहे. ते करणाऱ्याला प्रत्येक स्थळी ठरवावे लागेल की, अनुस्वार आणि परसवर्ण यांतील फरक हा पाठभेद मानावयाचा की लेखनभेद, ‘उवाच’च्या आधी नाव बदलले तर तो एक भेद की दोन, आणि छापील तळटीप ज्या पोथीविषयी मौन पाळते ती मुख्य संहितेशी सहमत आहे असे गृहीत धरावयाचे, की तिचे तेथील पान हरवले आहे का हे खंडाच्या आरंभीच्या पोथीवर्णनात जाऊन पाहावयाचे. मंगरूळच्या कागदांतही एखाद्या जुन्या नोंदीत नुसते ‘मंगरूळ’ एवढेच असेल. तेथे पीर नव्हता की नाथ नव्हता, की लिहिणाऱ्याला दोन्हींची गरज वाटली नाही, की तो कागद मुळात दस्तगीरच्या मंगरुळाचा आहे, हे रकाना भरण्यापूर्वी पाहावे लागेल.